मधपेट्यांचं काम

सुतारणीनं कापलेली पहिली फळी नवऱ्यानं तिच्याच अंगावर फेकली. खांद्याला लागून ती भिंतीवर आपटली आणि तिच्या टोकाला सांध्यासाठी नुकताच कापलेला दात तुटून भुशात पडला.

"याला दात म्हणतात?" तो म्हणाला. "म्हाताऱ्या शेळीच्या तोंडात याच्यापेक्षा बरे असतात."

तिनं खांदा चोळला. फळी उचलली, उलटी-पालटी करून पाहिली. मग शांतपणे विचारलं, "दुसरी कापू, की अजून हीच एकदा फेकायची आहे?"

उजवा हात त्यानं खांद्यावरच्या पंच्यात आणखी आत खुपसला आणि डाव्या हातानं ढिगातली दुसरी फळी तिच्याकडे ढकलली.

त्या उजव्या हाताला अंगठा नव्हता आणि त्याच्या शेजारची दोन बोटं नव्हती. उरलेली दोन कडेला चिकटल्यासारखी राहिली होती. पाऊस पडला नाही म्हणून शेतीची अवजारं कोणी करून घेईना, म्हणून हा भल्या घरचा सुतार आरागिरणीवर ओंडके सरकवायला गेला, आणि तिथल्या पात्यानं एका दुपारी त्याचा हिशेब करून टाकला. गिरणीवाला म्हणाला, माणूस घाईत होता. बरोबरचे मजूर म्हणाले, आम्ही पाहिलं नाही. धाकट्या भावानं दवाखान्यात नेलं, आणल्यावर मात्र गावभर सांगत सुटला, दादाला मी आधीच म्हणालो होतो.

हा धाकटा भिंतीपलीकडेच राहायचा. अंगण एकच होतं, मधे कमरेएवढी मातीची भिंत. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्याला बापाची कामाची खोली आणि हत्यारं आली, धाकट्याला घराची रस्त्याकडची बाजू. धाकट्यानं तिथं विजेचं यंत्र बसवलं. सकाळपासून त्याचा कर्र आवाज चालायचा. पलंग, कपाटं, टपऱ्या, सगळं तो खिळे ठोकून उभं करायचा, वरून चकचकीत रंग मारायचा. लोक म्हणायचे, झटपट देतो. त्यांचं खोटं नव्हतं.

फक्त मधवाल्याचं त्याच्याशी बिनसलं. मधवाला गावाबाहेर कोरड्या कालव्याच्या काठी झाडांखाली मधमाश्यांच्या पेट्या मांडून राहायचा. यंदा आसपास फूल म्हणून दिसत नव्हतं. माश्या साखरपाण्यावर कशाबशा तगल्या होत्या. लांब डोंगरापलीकडे फुलोरा आहे असं कळल्यावर त्यानं सगळ्या पेट्या ट्रकनं तिकडे न्यायच्या ठरवल्या. जुन्या पेट्या कुजल्या होत्या. धाकट्याकडून करून घेतलेल्या थोड्या नव्या त्यानं आधी एका छोट्या गाडीतून नेऊन पाहिल्या. खड्ड्यांच्या रस्त्यात खिळे सुटले, कोपरे उघडले आणि माश्या थेट ड्रायव्हरच्या मानेवर. ड्रायव्हरनं गाडी चालू ठेवून खाली उडी मारली. गाडी आपली आपण एका गोठ्यात शिरली. गावानं ही गोष्ट हसून हसून सांगितली. धाकट्याच्या ओट्यासमोर जरा जास्तच मोठ्यानं.

तेव्हा मधवाला थोरल्याकडे आला. दारातच उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, मला खिळा नको. दात-खाच घालून सांधलेली पेटी पाहिजे, गाडीतून पडली तरी न उघडणारी. तुझ्या बापानं माझ्या बापाला करून दिलेली अजून आहे माझ्याकडे. ट्रक येईपर्यंत जमेल?"

थोरल्यानं हात पंच्याखाली ठेवूनच मान हलवली. "जमेल."

मधवाला बाहेरगावी हिंडणारा माणूस, त्याला गिरणीतलं काही ठाऊक नव्हतं. तो फळ्या टाकून गेला.

"कोण करणार?" सुतारणीनं विचारलं.

"मी करणार. दुसरं कोण करणार?"

आणि तो खरंच कामाला बसला. डाव्या हातात करवत घेऊन तो सकाळभर झुंजला. फळी शिकंज्यात आवळायलाच त्याचा घाम निघाला. करवत रेघ सोडून भरकटली. पटाशी धरायला एक हात, मोगरी मारायला दुसरा, आणि हात तर दीडच. मोगरी त्यानं उरलेल्या दोन बोटांत धरायचा प्रयत्न केला, ती निसटून त्याच्याच गुडघ्यावर पडली. दुपारपर्यंत तीन फळ्यांची सरपणात भर पडली. चौथी त्यानं उचलली तेव्हा सुतारणीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"रेघा तुम्ही मारा," ती म्हणाली. "कापते मी."

तो तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तिनं भर चौकात त्याच्या तोंडावर थुंकलंय. मग उठला आणि आधी दार लावलं, कडी घातली, खिडकीवर पोतं टांगलं.

तिथून हे सुरू झालं होतं.

बंद खोलीत उन्हाचा ताव मावत नव्हता. छपराचे पत्रे तडतडायचे. भुसा घामावर बसून अंगाला खाज सुटायची, डोळ्यांत जायचा, तोंडात जायचा. सुतारीण बाकड्याशी वाकून करवत ओढायची आणि नवरा तिच्या मागे बाजेवर बसून ओरडायचा.

"रेघेवर नाही, रेघेच्या बाहेर! रेघ शाबूत राहिली पाहिजे. आंधळी आहेस का?"

"हात उडवू नकोस. कोपरातून ओढ. धुणं बडवत नाहीयेस."

"थांब. थांब म्हटलं की थांबायचं. आता कापलीस खोलवर. गेली फळी. गेली!"

"उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं," ती दातांत म्हणायची.

"काय म्हणालीस?"

"करवत अडकते म्हणाले."

काम दिसायला सोपं होतं. एका फळीच्या टोकाला दात कापायचे, मुळाशी अरुंद, टोकाला रुंद. मग ती फळी दुसऱ्या फळीच्या टोकावर उभी धरून दातांचा आकार सुरीनं उतरवून घ्यायचा आणि तिथं तशाच खाचा करायच्या. दात खाचेत बसला की मग कितीही ओढा, बाहेर येत नाही. पण केसाएवढी जागा राहिली तर सांधा खुळखुळतो, आणि केसाएवढं जास्त राहिलं तर मोगरीच्या पहिल्याच ठोक्याला फळी उभी चिरते. करवतीनं कापून झालं की मधला भाग पटाशीनं काढायचा. तोही एका बाजूनं आरपार नाही. अर्धा इकडून, मग फळी उलटून अर्धा तिकडून. नाहीतर मागची बाजू फुटते. तिच्या पहिल्या कितीतरी फळ्या अशाच फुटल्या.

तिच्या तळव्याला आधी फोड आले, मग ते फुटले, मग त्यांवर घट्टे. पाठ अशी धरायची की संध्याकाळी पाण्याची घागर उचलताना तोंडातून आवाज निघायचा. एकदा पटाशी सरकून डाव्या हाताच्या अंगठ्याखाली घुसली. रक्ताची धार लागली. तिनं हात दाबून धरला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

तो फळीकडे पाहत होता. "डाग पडला. आता रंधा मारावा लागणार."

तिनं फडकं फाडून बांधलं आणि रंधा घेतला. पण त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं. घरात जेवणाचं ताट त्याच्या पुढ्यात ठेवायचं, उचलायचं. खोलीत फक्त कामापुरते शब्द उरले, आणि तेही त्याचेच. खाली. सरळ. बास. उलट.

बोलणं थांबल्यावर तिला एक फायदा झाला. तिला करवतीचा आवाज ऐकू यायला लागला. करवत सरळ चालली की तिचा सूर एकसारखा यायचा, तिरकी झाली की जरा घोगरा. नवऱ्यानं ओरडायच्या आधीच तिचा हात सावरायला लागला. एका सकाळी दोन फळ्या तिनं एकमेकींत बसवल्या, वर लाकडाचा तुकडा ठेवून मोगरीनं हलके ठोकत नेल्या, आणि त्या मिटल्या ओठांसारख्या बसल्या. तिनं बोट फिरवलं. नखही अडकेना.

मागून काहीच आवाज आला नाही म्हणून तिनं वळून पाहिलं. नवरा बाजेवर ताठ बसला होता. चेहरा राखेसारखा. तिला वाटलं होतं, निदान 'हं' तरी म्हणेल.

"शेवटचा दात जाड आहे," तो म्हणाला.

जाड नव्हता. तिलाही माहीत होतं, त्यालाही. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की वाईट फळीनं त्याचं डोकं फिरतं ते खरं, पण चांगली फळी त्याला जास्त झोंबते. फुटलेल्या फळीवर तो निदान ओरडू तरी शकत होता.

चारी बाजू बसून पहिली पेटी उभी राहिली तेव्हा तो उठला. काटकोन तपासायचा गुण्या लावून चारी कोपरे पाहिले. उजेडाला धरून पाहिली. वास घेतला. दोष शोधायला त्यानं पेटी आतून बाहेरून चाटायचीच बाकी ठेवली. मिळाला नाही. मग एकाएकी त्यानं कडी काढली, दार लाथेनं उघडलं, पेटी डाव्या हातानं उचलून डोक्यावर नेली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून अंगणात भिरकावली.

पेटी एका कोपऱ्यावर आदळली, उसळली, दोन कोलांट्या खाऊन मधल्या भिंतीपाशी जाऊन थांबली. कोंबड्या कलकलत पांगल्या. भिंतीपलीकडे यंत्राचा आवाज बंद झाला.

सुतारीण दारात उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती हलली नाही. पेटीही तुटली नव्हती.

धाकटा भिंतीवरून टांग टाकून आला. त्यानं पेटी उचलली, झटकली, कोपरा बघितला. बघता बघता त्याच्या ओठांवर हसू आलं. त्या हसण्यात गोडवा नव्हता.

"दादा, डाव्या हातानं बरं जमतं की तुला."

"जमतं."

"आणि रेघ ठेवायला कधीपासून शिकलास?" त्यानं एका दातावर बोट ठेवलं. दाताच्या मुळाशी सुरीची बारीक रेघ अजून दिसत होती. "बाप मरेपर्यंत तुझ्या नावानं ओरडला, हा रेघ खातो, रेघ खातो म्हणून. तू जन्मात रेघ ठेवली नाहीस." त्यानं सुतारणीच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "वहिनी, हाताला काय झालं?"

ती काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "तू आत जा."

ती आत गेली. अंगणात दोघं भाऊ बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले. इतकं बोलताना तिनं त्यांना वाटण्यांनंतर पाहिलं नव्हतं. शेवटी धाकट्याचा आवाज जरा चढला तेव्हा तिला ऐकू आलं. "माझं काय जातंय दादा, उद्या चहाच्या टपरीवर गोष्ट निघाली की मिस्त्री बाजेवर बसतो आणि बायको करवत चालवते, तर मी कुणाकुणाचं तोंड धरणार?"

दुसऱ्या दिवशी ती पाणी भरून आली तर कामाची खोली सताड उघडी. धाकटा आणि त्याची बायको मिळून फळ्या उचलत होते. अर्ध्या तर भिंतीपलीकडे गेल्याही होत्या. नवरा बाजेवर बसून जमिनीकडे बघत होता.

"हे काय चाललंय?" तिनं विचारलं. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती.

उत्तर धाकट्यानं दिलं. "वहिनी, दोघा भावांचं ठरलंय. पेट्या मी यंत्रावर उरकतो. आतून स्क्रू, वरून फटी बुजवायला लांबी आणि रंग. मधवाल्याला कळणारसुद्धा नाही. नाव दादाचंच राहील. तुम्ही कशाला हाताची सालटं काढून घेता?"

"काम यांच्या बोलीवर घेतलंय, सांध्याचं. स्क्रूचं नाही."

"बघा जाऊबाई," धाकट्याची बायको फळी काखेत धरून म्हणाली, "चार लोकांत शोभेल असं करावं बाईनं."

घागर तिच्या डोक्यावरच होती. ती तिनं हळूच खाली उतरवली, सरळ आत गेली आणि उरलेल्या फळ्यांच्या थप्पीवर मांडी घालून बसली.

"उठा वहिनी."

"उचला. माझ्यासकट उचला."

धाकट्यानं दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "ऊठ."

"तुम्ही बोलूच नका," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता, पण थांबत नव्हता. "माझ्या हाताचं रक्त फळीला लागलं तर तुम्हाला फळीची काळजी. मी गप्प बसले. अंगावर फळ्या फेकल्यात, गप्प बसले. पेटी भिरकावलीत, तरी गप्प. का, तर म्हटलं, माणसाचं हातातलं गेलंय, त्याला कुठंतरी ओकायला जागा पाहिजे. पण भावानं एक डोळा वटारला की लगेच देऊन टाकलंत? विचारलंतसुद्धा नाही?"

"गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही!"

"मग नका दाखवू."

धाकटा भिंतीकडे सरकला. नवरा-बायकोच्या भांडणात बाईमाणूस थप्पीवर बसलेलं, तिला हात लावायची त्याची छाती झाली नाही. नेलेल्या फळ्या मात्र त्यानं परत दिल्या नाहीत.

दुपारचं ऊन असतानाच सुतारणीनं ती अंगणात भिरकावलेली पेटी डोक्यावर घेतली आणि कालव्याची वाट धरली. गावातून जाताना टपरीवरची माणसं बोलायची थांबली. एकानं विचारलं, "कुठं निघाली पेटी?" ती म्हणाली, "मधवाल्याकडे." "मिस्त्रीनं केली?" ती पुढे चालत राहिली. मान वळवली असती तर पेटी पडली असती.

मधवाला झाडाखाली साखरपाणी कालवत होता. एक डोळा माशी चावून सुजून मिटला होता आणि दुसऱ्या डोळ्यात माणसांबद्दल फारसं प्रेम नव्हतं.

"एकच?" तो म्हणाला. "बाकीच्या कुठायत? आणि मिस्त्री का नाही आला?"

तिनं पेटी खाली ठेवली. येताना तिनं बोलायचं खूप काही ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मिस्त्रीचा उजवा हात गिरणीत गेला," ती म्हणाली. "तुम्ही आलात त्याच्या आधीच. ही पेटी मी केली. ते शेजारी बसून सांगत होते."

मधवाल्यानं कालवायचा डाव बादलीत टाकला. "म्हणजे मला चुना लावला."

"हो."

"हो काय म्हणतेस? तोंड वर करून हो म्हणतेस? माझा ट्रक ठरलाय. माझ्या माश्या रोज मरतायत. एकानं खिळे मारून बुडवलं, दुसऱ्यानं लुळा हात लपवून बुडवलं. तुमच्या घरात एक तरी सरळ माणूस आहे का?"

तिनं मान खाली घातली नाही. "पेटी बघा. मग काय ते बोला."

तो रागारागानं पेटीवर गुडघा टेकून बसला. दोन कोपरे दोन हातांत धरून पिळली. पेटी कुरकुरलीसुद्धा नाही. त्यानं ती आडवी केली आणि वर उभा राहिला, जड अंगाचा माणूस, दोन-चारदा नाचला. माश्या त्याच्या कानाभोवती भुणभुणायला लागल्या. शेवटी तो खाली उतरला आणि एका सांध्यावर अंगठा फिरवत राहिला.

"बाकीच्या होतील?"

"फळ्या अर्ध्या दिरानं नेल्यात. त्या तुम्ही मागून आणा, तुमच्या आहेत. मी मागितल्या तर देणार नाही. मग होतील."

"ट्रक यायच्या आधी?"

"आधी."

"आणि रस्त्यात एक जरी उघडली तर?"

"तर माझ्या नावानं शिव्या द्या. त्यांच्या नको."

मधवाला तिच्याकडे उरलेल्या एका डोळ्यानं पाहत राहिला. मग चिडूनच म्हणाला, "जा. उभी काय राहिलीस? कामाला लाग."

त्यानं त्याच संध्याकाळी धाकट्याच्या ओट्यावर येऊन एवढी बोंब मारली की फळ्या भिंतीवरून आपोआप इकडे आल्या. त्या बोंबेत गावालाही सगळं कळलं. टपरीपर्यंत जायची गरजच उरली नाही.

नवरा खोलीच्या दारात आला. "माझं नाक कापून आलीस ना? झालं समाधान?"

"काम वाचवून आले."

"मी मेलो असतो गिरणीत तर बरं झालं असतं तुला."

ती परत आलेल्या फळ्या मोजायला लागली. त्याचा त्यानं हवा तो अर्थ काढला. भिंतीवरची पटाश्यांची गुंडाळी त्यानं काढली, सगळ्या पटाश्या, बापाच्या हातच्या, आणि काखोटीला मारून भिंत ओलांडून धाकट्याच्या ओट्यावर जाऊन बसला. हत्यारं माझी आहेत, एवढंच जाता जाता म्हणाला.

सकाळी सुतारीण तिथं गेली. ओट्यावर धाकटा होता, त्याची बायको होती, कपाट न्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं होती. नवरा पथारीवर बसला होता, गुंडाळी मांडीखाली.

"पटाश्या द्या," ती म्हणाली.

"नाही देत."

ती वाकली आणि गुंडाळीचं टोक धरून ओढायला लागली. त्यानं झटक्यात तिचं मनगट पकडलं. पकडलं ते उजव्या हातानं. उभ्या आयुष्याची सवय, त्याच्याही ध्यानात आलं नसेल. ती दोन बोटं तिच्या मनगटाभोवती वळली, घट्ट व्हायला धडपडली. तिनं काही जोर लावला नाही. नुसता हात मागे घेतला, आणि तो सुटला.

गिऱ्हाइकांतल्या एकानं तोंड दुसरीकडे केलं. नवऱ्याचा हात हवेत तसाच राहिला होता, उघडा, सगळ्यांसमोर.

इतक्या सहज सुटेल असं तिला वाटलं नव्हतं. दोन ओरखडे उठले असते, चार शिव्या झाल्या असत्या तर चाललं असतं. गुंडाळी छातीशी धरून ती परत आली. तिनं दार उघडंच टाकलं, फळी शिकंज्यात आवळली आणि कामाला लागली, कारण हात चालू राहिले नसते तर ती तिथंच बसून रडली असती.

दोन दिवस तो ओट्यावरच राहिला. जेवायलाही आला नाही. जाऊ भिंतीवरून ऐकवायची, "आम्ही घालतोय हो जेवायला, आमचं मन मोठं आहे." तिसऱ्या दिवशी दुसरंच संकट उभं राहिलं. पटाश्या बोथट झाल्या. आतापर्यंत रोज सकाळी बाकड्यावर धारदार पटाशी असायची आणि ती कोण पाजळतं याचा तिनं कधी विचारच केला नव्हता. आता पटाशी लाकूड कापेना, नुसती चेंगरायची. तिनं दगडावर पाणी घालून घासून पाहिलं. धार आणखी गोल झाली. मग ती मोगरी जोरजोरात मारायला लागली. ठाक्, ठाक्, असा मेलेला आवाज यायला लागला. एक दात फुटला. मग दुसरा.

ठाक्. ठाक्.

"अरे काय दगड फोडतेस काय!"

तो भिंत ओलांडून येत होता. केस पिंजारलेले, पंचा कुठंतरी पडलेला. आत येऊन त्यानं तिच्या हातातून पटाशी हिसकावली, धारेवरून अंगठा फिरवला, डाव्या हाताचा, आणि असा चेहरा केला जणू कोणी त्याच्या बापाच्या थडग्यावर खरकटं सांडलंय.

"ही काय केलीस? बापानं आयुष्यभर जपली ती. चार दिवसांत फावडं केलंस तिचं."

तो दारातल्या दगडापाशी उकिडवा बसला. पाणी शिंपडलं. पटाशी डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताची ती दोन बोटं पात्यावर वरून दाबून धरली. तेवढ्याला ती पुरत होती. पुढे-मागे, पुढे-मागे. दगडावर काळं पाणी साचायला लागलं. तो तोंडानं पुटपुटत होता, त्यात तिचा आणि तिच्या माहेरचा उद्धार होता. ती फळीकडे वळून करवत चालवत राहिली.

दोघं तसेच काम करत राहिले, पाठीला पाठ करून. पटाश्या एकेक करून तिच्या बाकड्याकडे येत होत्या, हातात नाही, जमिनीवरून सरकवलेल्या.

पेट्या जवळजवळ होत आल्या होत्या तेव्हा मधवाला ट्रकवाल्याला बरोबर घेऊन आला. अंगणात उभा राहून दोघं भिंतीशी रचलेल्या पेट्या बघत होते. ट्रकवाल्याला इथलं काही माहीत नसावं. दगडापाशी बसलेल्या माणसाला पाहून त्यानं विचारलं, "पेट्या उद्या भरायच्या का परवा? मिस्त्री आहेत का घरात?"

दगडावरचा आवाज थांबला. आत सुतारणीचा हातही करवतीवर थांबला. भिंतीपलीकडे धाकट्यानं यंत्र बंद केलं होतं. तो ऐकत असणार.

नवऱ्यानं मान वर केली नाही. बाजूला पचकन थुंकला.

"आत बसलीय," तो म्हणाला. "तिला विचारा."

आणि पुन्हा दगडावर पातं घासायला लागला.

ट्रकवाला गोंधळून दारात आला. सुतारणीनं परवा या असं सांगितलं. तो गेल्यावर तिनं नुकतीच सरकवलेली पटाशी उचलली, उजेडाला धरली, एक डोळा मिटून पाहिली आणि परत त्याच्या पायापाशी ढकलली.

"डावीकडे धार उतरलीय," ती म्हणाली.

त्यानं तिला एक सणसणीत शिवी हासडली आणि पटाशी दगडावर घेतली.